दार नसलेली माणसे

दिवाळीच्या अंकात खुन्याची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल, आणि त्यात वावगे काही नाही. फराळाचे ताट बाजूला सारून माणूस अंक उघडतो तो चार घटका बरे वाटावे म्हणून. त्याच्यापुढे रक्त सांडणे शहाणपणाचे होणार नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की या लेखात रक्ताचा थेंब दिसणार नाही. घरातल्या मुलांनी वाचला तरी चालेल. मला बोलायचे आहे ते खुन्याविषयी थोडे आणि दाराविषयी पुष्कळ.

आणि दार हा तर दिवाळीचाच विषय. हा आपला सगळा सण दारात होतो. तोरण दाराला बांधायचे, रांगोळी दारापुढे काढायची, पणती उंबरठ्याशी ठेवायची, आकाशदिवा दारावर टांगायचा. लक्ष्मी यायची तीही उघड्या दारातून. मी राहतो ते छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुने औरंगाबाद, हे तर बावन्न दरवाजांचे शहर म्हणूनच ओळखले जाते. मलिक अंबरने बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा आहेत. त्यांच्या आजूबाजूने आता रिक्षा आणि दुचाक्या धावतात. दरवाजा बांधला, की त्याच क्षणी माणसांचे दोन भाग होतात : आतले आणि बाहेरचे. शहराला तट होता तेव्हा हे उघड दिसत असे. तट ढासळले तरी भाग राहिलेच; मात्र ते दिसायला आता जरा थांबून पाहावे लागते.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते १९९०च्या सुमारास, मूल झोपेना की आजी म्हणे, "झोप बरं, नाही तर रमण राघव येईल." इतरांच्या घरी बागुलबुवा येई, आमच्या घरी रमण राघव येई. मला तो बागुलबुवाचाच कुणी भाऊबंद वाटे. हा खराखुरा माणूस आहे आणि आजी त्याचे नाव घेते आहे त्या वेळी तो पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात जिवंत आहे, हे मला पुष्कळ मोठा झाल्यावर कळले. आजीला हे नाव मिळाले होते अप्पांकडून. अप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. पैठण तालुक्यातल्या आमच्या गावाहून ते १९६६ साली पोट भरायला मुंबईला गेले आणि मालाडला खदानीवर कामाला लागले. त्यांच्याविषयी पुढे सांगेनच.

चार-पाच वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी मला सुचवले, "मास्तर, रमण राघववर कादंबरी लिहा. गुन्ह्याच्या पुस्तकांना हल्ली चांगली मागणी आहे." मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, नुसते वाचू लागलो. दोनशे पानी वही घेतली. कादंबरीच्या तयारीची माझी जुनी पद्धत अशी, की प्रत्येक पात्राला वहीत दोन-दोन पाने द्यायची आणि जे जे कळेल ते तिथे टिपत जायचे. खुन्याची पाने आठ दिवसांत भरली. पोलिसांची भरली. डॉक्टरांची, न्यायालयाची भरली. जी माणसे मेली त्यांच्यासाठी मी दहा-बारा पाने राखून ठेवली होती. ती कोरीच राहिली. त्या कोऱ्या पानांनी मला कादंबरी लिहू दिली नाही, आणि हा लेख लिहायला लावला.

घडले ते थोडक्यात असे. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत मुंबईच्या पूर्वेकडच्या उपनगरांत, जुने लोक ज्याला जी.आय.पी.चा मार्ग म्हणत त्या रेल्वेच्या कडेने, झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले होऊ लागले. कुणी पदपथावर निजलेले, कुणी झोपडीत. एकोणीस जणांवर हल्ले झाले आणि त्यांतले नऊ जण दगावले. कुणी कुणाला पाहिले नव्हते. चोरी म्हणावी, तर चोरण्यासारखे त्या माणसांपाशी होते काय? त्या वेळी संशयावरून पोलिसांनी एक भटका माणूस पकडला. नाव रमण राघव. दक्षिणेकडचा, बेघर, पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात पाच वर्षे तुरुंग भोगलेला. पण त्याला हल्ला करताना पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. पुरावा नाही म्हणून त्याला सोडून द्यावे लागले. कायद्याने दुसरे काही करता येण्यासारखेही नव्हते.

१९६८च्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रकार सुरू झाला, या खेपेस उपनगरांतल्या झोपडवस्त्यांतून. तेच हत्यार, तीच वेळ, तसलीच माणसे. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपास हाती घेतला आणि सगळे शहर पिंजून काढायला आरंभ केला.

त्या दिवसांत मुंबई कशी घाबरली होती ते जुन्या बातम्यांतून वाचायला मिळते. पण अप्पा सांगत ते बातम्यांत नाही. अप्पांची झोपडी म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला गोणपाट. ते म्हणत, "आरं बाळा, बिल्डिंगीतल्या लोकांनी त्या महिन्यात दाराला दुसरी कडी लावून घेतली. खिडक्या लावल्या. आम्ही काय लावावं? गोणपाटाला कडी बसती का?" वस्तीतल्या पुरुषांनी मग पाळ्या लावल्या. दिवसभर दगड फोडायचे आणि रात्री हातात काठी घेऊन जागायचे. बायका मुलांना मध्ये घेऊन बसत. तो माणूस मांजराचे रूप घेतो, पोपट होऊन पत्र्यावर बसतो, अशा वावड्या उठत. एक वेडसर भिकारी वस्तीच्या कडेला नेहमी बसे. एके रात्री लोकांनी त्यालाच धरून झोडपले. अप्पा म्हणत, "ओरडला बी नाही बिचारा. त्याला सवय असंल मार खायाची." एवढे सांगून ते गप्प बसत आणि तंबाखू मळू लागत.

हे मी अनेकदा ऐकले होते. पण त्यातले मर्म कळायला वय व्हावे लागले. सगळे शहर भ्याले होते हे खरे. मात्र भिण्याचा हक्क सगळ्यांना होता, मरण्याची पाळी एकाच बाजूला होती. ज्यांच्या दारांना दोन-दोन कड्या होत्या, त्यांच्यापैकी कुणाकडे तो गेला नाही. ज्यांना एकही कडी नव्हती, त्यांच्याकडे गेला. ही विभागणी खुन्याने केलेली नव्हती. ती त्याच्या आधीच झालेली होती. कोण बंद दाराआड निजेल आणि कोण उघड्यावर, हे शहराने पूर्वीच ठरवून टाकले होते. त्याने रात्री हिंडताना तेवढे ओळखले.

आता तो पकडला गेला ती हकीकत. २७ ऑगस्ट १९६८ची सकाळ. अ‍ॅलेक्स फियालो नावाचे एक तरुण फौजदार डोंगरी भागात कामावर निघाले होते. जुन्या संशयिताचे छायाचित्र त्यांनी पाहून मनात ठसवले होते. समोरून खाकी अर्धी चड्डी आणि सदरा घातलेला, हातात छत्री घेतलेला एक माणूस येताना दिसला. चेहरा ओळखीचा वाटला. पण त्याहून त्यांच्या नजरेत भरली ती छत्री. ती ओली होती आणि त्या भागात तर पाऊस झाला नव्हता. मग हा माणूस आला कुठून? विचारल्यावर त्याने सांगितले, मालाडहून. त्याच्याजवळ जे सापडले त्याची यादी वाचताना मी बराच वेळ थांबलो : एक चष्मा, दोन कंगवे, एक कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. एखाद्या गरिबाचा संसार पिशवीत भरून न्यावा तशी ती यादी आहे. कपड्यांवर डाग होते, पायांत चिखल होता. बोटांच्या ठशांवरून तोच तो, हे नक्की झाले.

कोठडीत तो पुष्कळ दिवस काही बोलेना. शेवटी एकदा त्याला विचारले, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, कोंबडी. कोंबडीचे जेवण दिले. मग त्याने डोक्याला लावायचे तेल मागितले, कंगवा मागितला, आरसा मागितला. अंगभर तेल चोळले, वासाचे कौतुक केले, भांग पाडला, आरशात तोंड पाहिले. आणि मग बोलू लागला. पोलिसांना बरोबर नेऊन त्याने लपवलेली लोखंडी पहार काढून दाखवली. अभ्यंगस्नानाच्या सणाला हे वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण तेल, कंगवा आणि आरसा हे राक्षसाला लागत नाहीत, माणसाला लागतात. त्याला राक्षस म्हटले म्हणजे आपली सुटका होते. तो माणूस होता असे म्हटले, की पुढचे प्रश्न विचारावे लागतात.

ते प्रश्न न्यायालयाने विचारले, आणि हे मला आपल्या व्यवस्थेचे मोठे भूषण वाटते. १९६९च्या जून महिन्यात मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. पोलिसांच्या शल्यचिकित्सकांनी त्याला सुमारे महिनाभर देखरेखीखाली ठेवून तो वेडा नसल्याचे मत दिले. फाशीची शिक्षा झाली. त्याने अपीलही केले नाही. तरीसुद्धा शिक्षा कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्यांनी त्याची पाच वेळा भेट घेतली, दर वेळी दोन-दोन तास. दीर्घकाळचा, बरा न होणारा मनोविकार त्याला जडला आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला. पुढे फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. येरवड्याला त्याच्यावर उपचार चालू होते. ७ एप्रिल १९९५ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो वारला.

त्या डॉक्टरांच्या भेटींतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. या माणसाची ठाम समजूत अशी होती, की जगे दोन आहेत. एक कानूनचे जग. आणि दुसरे हे आपले सर्वांचे. शेवटच्या भेटीनंतर डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला. त्याने हात मिळवला नाही. मी कानूनचा माणूस, या दुष्ट जगातल्या लोकांना मी शिवणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले.

दोन जगे आहेत आणि एका जगाने दुसऱ्याला शिवायचे नाही! डॉक्टरांनी ते वेडाचे लक्षण म्हणून नोंदवले, आणि ते बरोबरच होते. पण मराठी मुलखात वाढलेल्या माणसाला हे वाक्य अगदीच अनोळखी वाटेल का? शिवायचे नाही, हे तर आपण शहाणी माणसे शतकानुशतके म्हणत आलो. गावकुसाच्या आत एक जग आणि बाहेर दुसरे, ही मांडणी कुणा वेड्याने केली नव्हती. वेड्याचे जग त्याच्या डोक्यात होते. आपले दगडमातीत बांधलेले होते.

हे केवळ आपल्याकडचे आहे असेही नाही. माणसांची अशी वाटणी कायद्याच्या पुस्तकात उघड लिहून ठेवणारा देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. तिथे १९५०च्या कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कोणत्या भागात राहायचे ते ठरवून दिले. काळ्या लोकांच्या वस्त्या शहरापासून दूर, मध्ये मोकळी माळराने. कामाला शहरात यायचे आणि दिवस मावळता परत जायचे. १९९१मध्ये हा कायदा गेला, १९९४च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून मतदान केले. पण कायदा एका दिवसात रद्द होतो, अंतर एका दिवसात कमी होत नाही. त्याच १९९४ आणि १९९५ सालांत जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया यांच्या आसपासच्या माळांवर एकामागून एक बायकांचे मृतदेह सापडू लागले. त्यांतल्या बहुतेक काळ्या, गरीब, नोकरीच्या शोधात निघालेल्या. मोझेस सिथोले नावाचा माणूस त्यांना काम देतो म्हणून सांगे आणि जवळच्या वाटेने जाऊ म्हणून माळावर नेई. १९९५च्या ऑक्टोबरात तो सापडला. १९९७च्या डिसेंबरात अडतीस खुनांसाठी आणि इतर गुन्ह्यांसाठी त्याला एकूण दोन हजार चारशे दहा वर्षांची शिक्षा झाली. तोही काळाच होता, त्याच वस्त्यांतला.

अमेरिकेत अटलांटा शहरात १९७९ ते १९८१ या काळात काळ्या वस्त्यांतली मुले एकेक करून नाहीशी होत गेली. ही सगळी प्रकरणे एकमेकांशी जोडलेली आहेत, असे पहिल्यांदा ओरडून कुणी सांगितले असेल तर त्या मुलांच्या आयांनी. त्यांनी आपले मंडळ काढले, दारोदार फिरल्या, तेव्हा कुठे शहर खडबडून उठले. तिथेही पकडला गेला तो काळाच तरुण होता. १९८२मध्ये दोन प्रौढ माणसांच्या खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. मुलांच्या खुनांचे खटले मात्र कधी उभेच राहिले नाहीत.

तिन्ही ठिकाणी मारणारा मरणाऱ्यांच्याच बाजूचा कसा, याचे मला प्रथम नवल वाटले. मग वाटले, यात नवल ते काय? वाटणी केलेल्या शहरात परका माणूस लगेच डोळ्यांत भरतो. मलबार हिलवर एखादा मळक्या चड्डीतला माणूस मध्यरात्री हिंडू लागला असता, तर पहिल्याच रात्री गुरख्याने त्याला हटकले असते. पदपथावर मात्र तो शेकडो निजलेल्यांतला एक. पाच हातांवर जाऊन आडवा झाला, की सकाळी तो कुणाला वेगळा ओळखू येणार नाही. ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही, त्यांच्यात लपणे सर्वांत सोपे. म्हणजे ज्या डोळेझाकीने माणसे मरतात, तीच डोळेझाक मारणाऱ्याचे पांघरूण होते.

मराठवाड्याच्या वाचकाला इथे मानवत आठवल्यावाचून राहणार नाही. १९७२चा नोव्हेंबर ते १९७४चा जानेवारी. दुष्काळाची वर्षे. परभणी जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावात लहान मुली आणि बायका मारल्या गेल्या. त्यामागे गुप्तधनाची आणि बळीची अंधश्रद्धा निघाली. तपासाला आले तेही रमाकांत कुलकर्णीच, ज्यांनी पूर्वी मुंबईत रमण राघवचा छडा लावला होता. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका मानवतचे नाव निघाले की पदर तोंडाला लावीत. गुप्तधन म्हणजे काय, तर पुरलेली संपत्ती. आणि तिच्यासाठी वेचली गेली ती दुष्काळातल्या घरांतली मुले. तिथेही दार कुणाचे उघडे होते ते पाहावे. महाराष्ट्राने नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो २०१३ साली, म्हणजे मानवतनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

या सर्व प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे. मारणारे आपल्याला नावाने ठाऊक असतात. रमण राघववर श्रीराम राघवन यांनी १९९१मध्ये चित्रपट केला, २०१६मध्ये अनुराग कश्यप यांनी ते नाव पुन्हा पडद्यावर आणले. मानवतवर २०२४मध्ये मालिका आली. त्यांना मी दोष देत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला एक मधला माणूस लागतो, हे मला माझ्या धंद्यावरून कळते. पण मेलेल्यांचे काय? रमण राघवने एकूण किती माणसे मारली, या साध्या प्रश्नालाही एक उत्तर मिळत नाही. कुठे तेवीस वाचायला मिळतात, कुठे एकेचाळीस. दोन आकड्यांमधली अठरा माणसे! एखाद्या गृहनिर्माण संस्थेतल्या अठरा माणसांविषयी असा घोळ राहिला असता का? त्यांची नावे, वये, व्यवसाय, मागे राहिलेली बायकामुले, सगळे छापून आले असते. झोपडीतल्या माणसाचे तसे होत नाही. त्याचा पत्ता नसतो, छायाचित्र नसते, त्याच्या गावी पोचायला बातमीदार नसतो. कदाचित आमच्याच बाजूच्या एखाद्या गावात कुणाचा तरी मुलगा मुंबईला गेला, परत आला नाही, आणि आई म्हणत राहिली असेल, "तिकडंच रमला माझा पोरगा."

अप्पा मात्र परत आले. रमण राघव सापडल्यावर त्यांनी काय केले, तर पहिल्या दोन पगारांतून पैसे साठवून जुन्या बाजारातून एक लाकडी दार विकत आणले. कुणा पाडलेल्या चाळीचे असावे. वर हिरवा रंग, आत लोखंडी कडी. झोपडीच्या पत्र्याला चौकट ठोकून त्यांनी ते बसवले. शेजारी हसत. पत्रा हाताने वाकवता येईल असा, आणि दार मात्र सागवानी! अप्पा म्हणत, "हसू द्या. पर त्या रात्री तुझी चुलत आजी पहिल्यांदा झोपली. मी जागाच व्हतो, ती कशी झोपते ते बघत." पुढे कधीतरी पालिकेची गाडी आली आणि वस्ती उठवली. सगळे सामान रस्त्यावर. अप्पांनी पत्रे सोडले, भांडी निम्मी सोडली, दार मात्र सोडले नाही. गावाकडे येणाऱ्या मालमोटारीत घालून ते घेऊन आले. आज आमच्या शेतातल्या खोपटाला ते दार आहे. रंग उडाला आहे, कडी अजून घट्ट बसते.

पदपथावर राहणाऱ्यांची गाऱ्हाणी पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि पदपथावरची काही माणसे यांच्या अर्जांवर १९८५ साली निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने मान्य केले. तरी पदपथ रिकामे करण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला, फक्त आधी नोटीस द्यावी असे सांगितले. म्हणजे ही माणसे तिथे का येतात हे कायद्याला कळले. ती निजणार कुठे, हा प्रश्न राहिलाच.

कुणी म्हणेल, ही सगळी मुंबईची आणि जुनी गोष्ट झाली. तर मग माझ्या शाळेतली सांगतो. आमच्याकडे दिवाळीची सुटी संपून शाळा भरते तेव्हा वर्गातल्या काही जागा रिकाम्या असतात. त्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, आणि मुलेही त्यांच्याबरोबर. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे अशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याजवळच्या उघड्या रानात कोप्या उभारतात. कोपी म्हणजे बांबूचा सांगाडा आणि वर पाचट किंवा प्लास्टिकचा कागद. तिला दार नसते. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात आणि सात-आठ वर्षांची पोरगी त्या बिनदाराच्या कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसते. या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालतात, त्यांत काही राहतात, पण आईचा जीव होत नाही, आणि मोठी मुलगी मागे ठेवायची तर बाप म्हणतो, "गुरुजी, इथं बी तिला कुणाच्या भरवशावर ठेवू?" त्याचे चुकत नाही. दोन्हीकडे त्याला दार दिसत नाही.

असल्या मुलांसाठी रमण राघव यावा लागत नाही. साप येतो, थंडी येते, मालमोटार अंगावरून जाते, दारू प्यालेला कुणी येतो. वर्तमानपत्रात एक ओळ येते : ऊसतोड कामगाराच्या मुलीचा मृत्यू. नाव पुष्कळदा येत नाही.

त्यामुळे मी एक नियम केला आहे. तो फार मोठा आहे असे नाही. गेलेल्या मुलांची नावे मी हजेरीपटावरून कमी होऊ देत नाही, आणि रोज हजेरी घेताना ती वाचतो. पहिले काही दिवस वर्ग ओरडतो, "गुरुजी, ती गेली!" मी विचारतो, कुठे गेली? कोणत्या कारखान्यावर? कोणत्या मुकादमाबरोबर? कुणाला तरी माहीत असतेच. ते मी वहीत टिपून ठेवतो. ही वही तीच, दोनशे पानी, कादंबरीसाठी घेतलेली. मेलेल्यांसाठी राखलेल्या पानांवर आता जिवंत मुलांची नावे आणि ठिकाणे आहेत. गेल्या वर्षी चौदा होती. वैशाखात परत आली की एकेकासमोर खूण करतो.

या वर्षी सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी मी वर्गात सांगितले, ज्यांना ऊसतोडीला जायचे आहे त्यांनी आपले नाव, आईबापांचे नाव आणि मुकादमाचा फोन माझ्याजवळ लिहून द्यावा. अकरा हात वर झाले. एका मुलीने स्वतः येऊन वहीत आपले नाव लिहिले, तिघांचे, म्हणजे धाकट्या भावाचे आणि चालता न येणाऱ्या बहिणीचेही. शाई वाळेपर्यंत ती वहीवर फुंकर घालीत उभी होती.